उतारा वाचायचा कसा, परिच्छेद लिहायचा कसा

मुंबईतल्या एका रात्रशाळेत मी मराठी शिकवते. संध्याकाळी साडेसहाला वर्ग भरतो. बाकांवर कुरिअरची पोतडी खाली ठेवून बसलेली मुलं असतात, हॉटेलात काम करणारी पोरं असतात, शाळा सुटून वीस-पंचवीस वर्षं झालेल्या ताया असतात. काही जण बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणारे असतात आणि फक्त शंका विचारायला येतात. जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच: "बाई, वाचता सगळं येतं, पण उत्तर चुकतं. आणि लिहायला बसलं की दोन ओळींनंतर काही सुचतच नाही."

या दोन तक्रारी मुळात एकच आहेत, असं माझं ठाम मत झालं आहे. परिच्छेद म्हणजे एक म्हणणं आणि त्याला टेकू देणारी पाच-सात वाक्यं. वाचताना आपण वाक्यांमधून ते म्हणणं शोधून काढतो, लिहिताना त्याच म्हणण्यापासून वाक्यांकडे जातो. वाट तीच, फक्त चालायची दिशा उलटी. म्हणून मी दोन्ही गोष्टी एकत्रच शिकवते आणि इथेही तसंच करणार आहे.

दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत अपठित, म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरच्या, उताऱ्याला ४ गुण आहेत, पण पत्र, बातमी, निबंध अशा उपयोजित लेखनाला २४ आहेत. पठित उताऱ्यांवरच्या आकलन कृती आणि स्वमत हे आणखी वेगळे. स्पर्धा परीक्षांकडे वळाल, तर राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या सीसॅटमध्ये, म्हणजे कल चाचणीच्या पेपरात, उताऱ्यांशी पुन्हा गाठ पडतेच. तेव्हा इथे घातलेला वेळ कुठे ना कुठे उपयोगी पडतो.

सामान फार लागत नाही. एक पेन्सिल, एक शंभर पानी वही आणि रोजची वीस मिनिटं. पेनापेक्षा पेन्सिल बरी, कारण पहिल्या वाचनात केलेली खूण दुसऱ्या वाचनात बऱ्याचदा खोडावी लागते.

सरावासाठी एक उतारा

पुढचा उतारा मी वर्गासाठी लिहिला होता. आधी तो नेहमीसारखा वाचा.

"बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर बेसाल्ट खडकातल्या एका प्रचंड खड्ड्यात आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. दख्खनचं पठार लाव्हापासून बनलेलं असल्यामुळे हा खड्डाही ज्वालामुखीचंच मुख असावा, असं बराच काळ मानलं जात होतं. पण पुढे इथल्या खडकांमध्ये मास्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ सापडला. तो प्रचंड वेगाच्या आघातानेच तयार होतो, लाव्हाच्या उष्णतेने नाही. त्यामुळे हा खड्डा अवकाशातून आलेल्या उल्केच्या आघाताने पडला, हे संशोधकांनी स्वीकारलं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या खड्ड्यातलं पाणी खारं तर आहेच, शिवाय अल्कधर्मीही आहे. हे पाणी पिण्याजोगं नाही, तरी ते निर्जीव नाही. जून २०२० मध्ये ते गुलाबी दिसू लागलं, ते त्यातल्या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळेच."

पहिलं वाचन: पेन्सिल खाली ठेवा

पहिल्यांदा वाचताना काहीही अधोरेखित करू नका. मी स्वतः कित्येक वर्षं मुलांना "महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारा" असं सांगत होते. मग वह्या तपासताना पाहिलं, तर उताऱ्यातला प्रत्येक शब्द रेघेवर उभा! कारण उघड आहे. पूर्ण उतारा वाचून होईपर्यंत महत्त्वाचं काय हे कळणार कसं? चूक मुलांची नव्हती, माझ्या सांगण्याची होती.

पहिलं वाचन एका दमात करा. एखादा शब्द अडला तरी थांबू नका. संपल्यावर उतारा झाका आणि मोठ्याने एक वाक्य बोला: "हा उतारा मला सांगतो की..." पुढचं तुमच्या शब्दांत. "हा उतारा लोणारविषयी आहे" हे उत्तर चालणार नाही. तो विषय झाला, म्हणणं नाही. लोणारविषयी *काय*? "लोणारचा खड्डा ज्वालामुखीमुळे नाही, तर उल्केच्या आघाताने पडला" हे म्हणणं. विषय एका शब्दात सांगता येतो, म्हणण्याला पूर्ण वाक्य लागतं, क्रियापदासकट. हा फरक एकदा अंगवळणी पडला की शीर्षक द्या, सारांश लिहा, मध्यवर्ती कल्पना सांगा, असे सगळे प्रश्न सोपे होतात.

मोठ्याने बोलायला का सांगते? मनातल्या मनात आपल्याला सगळंच समजल्यासारखं वाटतं. तोंडाने वाक्य पूर्ण करायला गेलं की कुठे अडतंय ते लगेच लक्षात येतं.

प्रश्न आधी वाचावेत की उतारा? शिकत असताना आधी उतारा वाचा. परीक्षेत वेळ कमी असतो, तेव्हा प्रश्नांवरून एकदा नजर फिरवून मग उताऱ्याकडे जायला हरकत नाही. पण सुरुवातीपासूनच प्रश्न हातात घेऊन उत्तर हुडकत बसलात, तर उतारा असा कधी वाचला जातच नाही. त्याचे तुकडे तेवढे डोळ्यांखालून जातात.

दुसरं वाचन: सांधे शोधा

आता पेन्सिल उचला. पण रेघा मोठ्या शब्दांखाली मारायच्या नाहीत. लहान शब्दांभोवती गोल करायचे: पण, कारण, म्हणून, त्यामुळे, तरी, शिवाय, मात्र, उलट, किंवा. वाक्यं एकमेकांना जोडली जातात ती याच सांध्यांवर. वरच्या उताऱ्यात "पण", "त्यामुळे", "शिवाय", "तरी" यांवर गोल करा आणि बाकीचा उतारा धूसर झाला आहे असं समजा. एवढ्यावरूनही सांगाडा दिसतो: आधी एक समजूत होती, *पण* काहीतरी सापडलं, *त्यामुळे* समजूत बदलली.

"पण" दिसला की सावध व्हा. लेखकाला जे खरोखर म्हणायचं असतं ते बहुतेक वेळा "पण"च्या पुढे असतं. मागे असतं ते लोकांचं म्हणणं किंवा आधीची समजूत.

यानंतरचा भाग या लेखातला सगळ्यात कामाचा आहे, म्हणून तिथे जरा जास्त वेळ थांबते.

मराठी वाक्याचं शेपूट वाचा

वर्गात मी प्रश्न घातला होता: "लोणारचं सरोवर म्हणजे ज्वालामुखीचं मुख आहे. चूक की बरोबर?" बऱ्याच जणांनी "बरोबर" लिहिलं. का, म्हणून विचारलं तर एकाने बोट ठेवून दाखवलं, "हे बघा ना बाई, 'खड्डाही ज्वालामुखीचंच मुख असावा' असं लिहिलंय." त्याचं बोट "असावा"वर थांबलं होतं. मी ते धरून पुढे सरकवलं: "असं बराच काळ मानलं जात होतं." तो स्वतःच म्हणाला, "अरे, हे लोकांना वाटत होतं!"

मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकारही बहुधा शेवटी येतो. "याचा अर्थ सरकारने काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही" हे वाक्य "नाही असं"पर्यंत वाचून सोडलं तर अर्थ नेमका उलटा होतो. घाईत वाचणाऱ्याचा डोळा वाक्याचा पहिला निम्मा भाग पकडतो आणि उरलेलं अंदाजाने भरतो. म्हणून प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांवर थांबायची सवय लावा. "आहे", "असावं", "असं मानतात", "असं म्हटलं जातं", "असायला हवं", "असतं तर" यांपैकी काय आहे ते बघा. "आहे" म्हणजे लेखक स्वतः ग्वाही देतो. "असावं" हा अंदाज. "मानतात" म्हणजे दुसऱ्याचं मत. "असतं तर" म्हणजे तसं मुळात झालेलंच नाही.

शेपटाइतकंच लक्ष शब्दाला चिकटलेल्या छोट्या अक्षरांकडे द्या. "मी गेले", "मीच गेले", "मीही गेले", "मी तर गेले" ही चार वाक्यं चार वेगळ्या गोष्टी सांगतात. "आघाताने तयार होतो" असं म्हटलं असतं, तर इतर मार्गांनीही होत असेल असं धरता आलं असतं. "आघातानेच" म्हटल्यावर बाकीचे मार्ग बंद झाले. त्या एका "च"वर सगळा पुरावा उभा आहे. बहुपर्यायी प्रश्नांत चुकीचा पर्याय पुष्कळदा असाच बनवलेला असतो: उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं, फक्त त्यात "च" किंवा "फक्त" वाढवलेलं, किंवा "काही"चं "सर्व" केलेलं.

तसंच शब्दयोगी अव्ययांचं. "पावसामुळे", "पावसासाठी", "पावसाऐवजी", "पावसाशिवाय" यांत पाऊस तोच असतो, पण वाक्य कुठल्या कुठे जातं. हे आपण बोलताना कधी चुकत नाही. वाचताना मात्र नजर मोठ्या शब्दावर पडते आणि शेवटचा तुकडा निसटतो.

आता सर्वनामं. "तो", "ती", "ते", "त्यामुळे", "हे" दिसलं की पानाच्या कडेला, समासात लिहा, म्हणजे कोण? उताऱ्यात "तो प्रचंड वेगाच्या आघातानेच तयार होतो" असं आहे. हा "तो" कोण? "पदार्थ" पुल्लिंगी आहे, "खड्डा"ही पुल्लिंगीच. लिंगावरून निकाल लागत नाही. मग दोन गोष्टी बघायच्या. जवळचं नाम कोणतं, तर "पदार्थ". आणि क्रियापद कोणत्या काळात आहे, तर "तयार होतो", म्हणजे नेहमीच होतो. एक खड्डा नेहमी तयार होत राहत नाही. म्हणून तो म्हणजे मास्केलिनाइट. शेवटच्या वाक्यात "ते" दोनदा आलं आहे, आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा आहे. पहिलं "ते" म्हणजे पाणी. दुसरं म्हणजे गुलाबी दिसू लागणं, ती सगळी घटनाच. हे ज्याने स्वतः शोधून काढलं, त्याला "पाणी गुलाबी का दिसू लागलं?" या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागत नाही.

अडलेला शब्द

लगेच मोबाइल काढू नका. आधी शब्द फोडून बघा. "क्षारप्रिय" म्हणजे क्षार ज्याला प्रिय आहेत ते. "निर्जीव" म्हणजे जीव नसलेलं. संस्कृतातून आलेले लांबलचक शब्द बहुतेक असेच उकलतात. उकलला नाही, तर शेजारी बघा. "खारं तर आहेच, शिवाय अल्कधर्मीही" या रचनेवरून एवढं नक्की कळतं की अल्कधर्मी हा पाण्याचा आणखी एक गुण आहे आणि तो खारेपणाहून वेगळा आहे. प्रश्नाचं उत्तर द्यायला एवढं बऱ्याचदा पुरतं. घरी आल्यावर शब्दकोश जरूर बघा, आणि शब्द नुसता न उतरवता तो ज्या वाक्यात आला ते अख्खं वाक्य वहीत लिहा.

प्रश्न काय मागतो आहे?

आकृतिबंध, ओघतक्ता, चौकटी, जोड्या ही रूपं वेगवेगळी दिसतात, पण प्रश्न मुळात तीनच जातीचे असतात. काहींचं उत्तर उताऱ्यात शब्दशः असतं: सरोवर कोणत्या जिल्ह्यात आहे? काहींसाठी दोन वाक्यं जोडावी लागतात: मास्केलिनाइट सापडल्यामुळे जुनी समजूत का सोडावी लागली? तिसऱ्या जातीचं उत्तर उताऱ्यात लिहिलेलंच नसतं, तरी त्याचा आधार तिथेच असतो: हा पदार्थ सापडला नसता तर काय झालं असतं? इथे मुलं गोंधळतात आणि मनाचं काहीतरी लिहितात. माझा नियम साधा आहे. उत्तर कोणतंही असो, उताऱ्यातल्या ज्या वाक्याच्या जोरावर ते दिलं त्या वाक्याचा क्रमांक पेन्सिलने शेजारी लिहायचा. क्रमांक लिहिता आला नाही, तर उत्तर परत तपासायचं. स्वमताच्या प्रश्नात मत तुमचं असतं, पण तिथेही निदान एक धागा उताऱ्यातून आलेला हवा.

आता तो उतारा पुन्हा एकदा बघा. मी त्यात मुद्दाम एक दोष ठेवला आहे. "सुमारे १.८ किलोमीटर" या वाक्यापासून विषय बदलतो. तोवर खड्डा कसा पडला हे चाललं होतं, मग एकदम पाणी कसं आहे ते सुरू होतं. म्हणणी दोन आहेत, तेव्हा परिच्छेदही दोन हवे होते. हे तुमच्या लक्षात आलं असेल, तर तुम्ही लिहायला तयार आहात.

लेखनाकडे: आधी एक वाक्य

वर्गातल्या एक ताई पोळी-भाजी केंद्र चालवतात. "पाणी" या विषयावर एक परिच्छेद लिहायला दिला, तेव्हा त्यांनी हे लिहिलं:

"पाणी हे जीवन आहे. पाणी सर्वांना लागते. पाण्याशिवाय माणूस जगू शकत नाही. आमच्याकडे सकाळी पाणी येतं. लोक पाणी वाया घालवतात. पाणी वाचवले पाहिजे. शासनाने याकडे लक्ष दिले पाहिजे."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण वाक्यांची कशीही उलटापालट करा, काही बिघडत नाही. ही खूण लक्षात ठेवा: वाक्यांचा क्रम बदलून काहीच फरक पडत नसेल, तर तो परिच्छेद नाही, ती यादी आहे.

मी फक्त चौथ्या वाक्यावर बोट ठेवलं. "ताई, पाणी किती वाजता येतं?"

"साडेचारला. सव्वापाचला जातं."

"मग तुम्ही काय करता?"

त्या सांगत गेल्या. पिंप, कळश्या, कणीक, डबे. पाच मिनिटं न थांबता बोलल्या. मी म्हटलं, हेच लिहा. तर म्हणतात, "बाई, हे काय लिहायचं? हे तर रोजचंच आहे."

चांगला परिच्छेद या रोजच्यातूनच निघतो. आम्ही आधी एक वाक्य ठरवलं: *त्या पाऊण तासावर आमचा दिवस ठरतो.* ते वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. मग त्या वाक्याला चार प्रश्न विचारले: म्हणजे काय? कसं? का? एखादं उदाहरण? जे वाक्य यांपैकी एकाचंही उत्तर देत नाही, त्याला या परिच्छेदात जागा नाही, कितीही चांगलं असलं तरी. "पाणी हे जीवन आहे" असंच बाहेर पडलं. दोन दिवसांनी त्यांनी हे लिहून आणलं:

"आमच्या चाळीत नळाला पाणी पहाटे साडेचारला येतं आणि सव्वापाचला जातं. त्या पाऊण तासावर आमचा दिवस ठरतो. पिंप भरेपर्यंत मला नळापासून हलता येत नाही, त्यामुळे कणीक भिजवायला सव्वापाच होतात. पोळ्या सहाला सुरू झाल्या नाहीत, तर डबे आठच्या आत निघत नाहीत. आणि डबा दोनदा उशिरा गेला की गिऱ्हाईक तिसऱ्यांदा सांगत नाही. एखाद्या दिवशी पाणी आलंच नाही, तर मागच्या चाळीतून कळश्या आणाव्या लागतात आणि त्या दिवशी निम्म्याच पोळ्या होतात. म्हणून रस्त्यात कुठे नळ गळताना दिसला, तर तो बंद केल्याशिवाय मी पुढे जात नाही."

आता यातली दोन वाक्यं अदलाबदल करून बघा. जमणार नाही. पाण्यामुळे कणीक, कणकेमुळे पोळ्या, पोळ्यांमुळे डबे, डब्यांमुळे गिऱ्हाईक. प्रत्येक वाक्याने मागच्याचा हात धरला आहे. "पाणी वाचवा" हे शब्द कुठेच नाहीत, तरी शेवटच्या वाक्यात तेच म्हणणं आहे.

पायऱ्या, थोडक्यात

विषय मिळाला की पाच मिनिटं नुसते मुद्दे टिपा, वाक्यं नाहीत. त्यातून एक म्हणणं निवडा आणि पूर्ण वाक्यात लिहा. त्याला टेकू देणारे तीन-चार मुद्दे ठेवा, बाकी खोडा. मग क्रम ठरवा: काळाचा, कारण-परिणामाचा, किंवा आधी सर्वसाधारण आणि मग खास उदाहरणाचा. एका परिच्छेदात एकच क्रम पाळायचा. त्यानंतर कच्चा मसुदा. सुरुवातीला पाच ते आठ वाक्यं पुरेशी आहेत. म्हणण्याचं वाक्य पहिलंच असलं पाहिजे असं नाही. ताईंचं दुसरं आहे. पण परीक्षेत ते पहिल्या दोनांत असलेलं बरं, कारण तपासणाऱ्याला तुम्ही कुठे चालला आहात ते लगेच दिसतं.

सांधे जोडताना सगळीकडे "आणि" लावू नका. "आणि" फक्त शेजारी उभं करतो, नातं सांगत नाही. "पाऊस पडला आणि सामना रद्द झाला" यापेक्षा "पाऊस पडल्यामुळे सामना रद्द झाला" हे वाक्य वाचणाऱ्याचं काम हलकं करतं.

मुलं एक चूक फार करतात. "ऊन" लावून वाक्य जोडताना कर्ता बदलतो. "मी घरी येऊन पाऊस पडला" हे चूक. आलो मी, पडला पाऊस. कर्ते दोन असले की "मी घरी आल्यावर पाऊस पडला". "जेवून, आवरून, दप्तर भरून मी निघालो" हे ठीक, कारण सगळी कामं एकाच माणसाची आहेत.

ताईंच्या पहिल्या मसुद्यात "लागते" आणि "येतं" शेजारीशेजारी आले होते. लेखी वळणाचं "केले, झाले, असे" किंवा बोलण्याच्या वळणाचं "केलं, झालं, असं", यांपैकी एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. औपचारिक पत्रात आणि परीक्षेच्या उत्तरात पहिलं वळण बरं. काळाचंही तसंच. भूतकाळात सुरू केलेली हकिकत मधेच वर्तमानकाळात गेली की वाचणारा अडखळतो.

विरामचिन्हांचा कंटाळा करू नका. मोडीतले जुने कागद पाहिले, तर ओळ सलग चालते. कुठे थांबायचं ते वाचणाऱ्याने स्वतः ठरवायचं. विरामचिन्हं मराठीत रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी या इंग्रज कोशकाराच्या प्रयत्नांतून. छापील मजकूर अनोळखी वाचकाच्या हाती पडू लागल्यावर त्याला थांबे दाखवणं भाग होतं. तुमचा पेपर तपासणाराही अनोळखीच असतो. सुरुवातीला पूर्णविराम आणि स्वल्पविराम एवढे दोन नीट आले तरी पुष्कळ आहे. वाक्य दोन ओळींच्या पुढे गेलं की कुठेतरी पूर्णविराम देता येतो का, ते बघा.

तपासणी

लिहून झाल्यावर लगेच तपासू नका. मधे एखादं काम करा, मग परत येऊन मोठ्याने वाचा. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य लांब झालं आहे. जिथे जीभ अडखळते तिथे शब्दांचा क्रम बिघडला आहे. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी बघा. आधी ऱ्हस्व-दीर्घ नीट करायचं आणि मग ते वाक्यच खोडायचं, यात वेळ फुकट जातो.

रोजची वीस मिनिटं

पहिला आठवडा फक्त वाचन. वर्तमानपत्रातला कोणताही एक परिच्छेद कापून वहीत चिकटवा, सांध्यांना गोल करा, सर्वनामं समासात उलगडा आणि खाली एका वाक्यात म्हणणं लिहा. दुसऱ्या आठवड्यात त्याच परिच्छेदाचा एक तृतीयांश सारांश करा. ज्यांना सारांशलेखन अवघड जातं, त्यांनी आधी उदाहरणं गाळावीत, मग विशेषणं. सांध्यांना मात्र हात लावू नये. तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवस वाचन, एक दिवस लेखन. लेखनाचे विषय आपल्या दिवसातले घ्या: गाडी चुकली तो दिवस, पहिला पगार, दुकानातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. "माझा आवडता ऋतू" नंतर कधीही लिहिता येईल.

दर रविवारी आठवड्यातला एक परिच्छेद दुसऱ्या कुणाला वाचायला द्या. घरातलं कुणीही चालेल, आठवीतली भाचीसुद्धा. तिला चुका काढायला सांगू नका. तुम्ही उताऱ्याला विचारलात तोच प्रश्न तिला विचारा: "यात काय म्हटलंय, एका वाक्यात सांग." ती सांगेल ते लिहून घ्या आणि वहीच्या मागच्या पानावरच्या तुमच्या वाक्याशेजारी ठेवा. दोन्ही जुळली, तर पुढचा विषय घ्या. जुळली नाहीत, तर तिला समजावत बसू नका. ती कोणत्या वाक्यापाशी वेगळीकडे वळली ते विचारा, आणि तेवढंच वाक्य पुन्हा लिहा.